स्थिरविद्युत् अवक्षेपण

औद्योगिक धुरातील राख, धूळ व अम्लाचे तुषार विद्युत् विसर्जनाने अलग करण्याची प्रक्रिया. तीसाठी लागणारे संयंत्र औष्णिक वीज केंद्रांत व सिमेंट कारखान्यांत ‘ईएसपी’ (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) याच नावाने ओळखले जाते.

या प्रक्रियेचा आरंभ कोणापासून धरावा याविषयी मतभेद आहेत. लाइपसिक येथील गणिताचे शिक्षक होलफेल्ट यांनी 1824 मध्ये बरणीत कोंडलेला धूर विद्युत् भारित तारेने निवळतो असे दाखविले. मात्र हा प्रयोग पुढे विस्मरणात गेला. ब्रिटिश भौतिकीविज्ञ ऑलिव्हर लॉज यांना 1884 च्या सुमारास हाच परिणाम स्वतंत्रपणे आढळला. त्यावरून लवकरच उत्तर वेल्समधील बॅगिल्ट येथील शिशाच्या कारखान्यात संयंत्र बसविण्यात आले. ते अयशस्वी ठरले. विमशर्स्ट यंत्रांची (चकत्या फिरवून स्थिरविद्युत् निर्माण करणाऱ्या यंत्रांची) शक्ती अपुरी होती हे त्याचे कारण बहुतेक ठिकाणी दिलेले आढळते. शिशाच्या धुरातील कणांची उच्च रोधकता (विद्युत् प्रवाहाला विरोध करण्याचा गुणधर्म) हेही तितकेच महत्त्वाचे असावे. कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी रोहित्र व फिरता एकदिशकारक (प्रत्यावर्ती प्रवाह एकाच दिशेचा करणारे साधन) वापरून अपुऱ्या शक्तीची अडचण दूर केली (पेटंट 1908). सुती धाग्याने वेढलेली तार अंधारात जांभळट चमकते हे त्यांच्या नजरेस आले आणि त्यांनी तंतुमय विद्युत् अग्र तयार केले. व्यवहारोपयोगी प्रक्रियेचे श्रेय त्यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते.

संयंत्रात पत्र्यांच्या रांगांमध्ये बारीक तारा टांगलेल्या असतात. तारांना साधारणपणे 40 ते 100 हजार व्होल्ट ऋण दाब दिला की त्यांच्याभोवती ‘करोना’ विसर्जन (तारेलगतच्या वायूचे आयनीभवन) होते. तेथून निघणारे ऋण आयन कणांना चिकटतात व भारित कण पत्र्यांकडे ओढले जातात. पत्र्यांवर साचलेली राख हातोड्यांच्या ठोक्यांनी खालच्या हॉपरमध्ये (नरसाळ्यासारख्या टाकीत) पडते. डॉइच यांच्या सूत्रानुसार (1922) कार्यक्षमता 90 वरून 99 टक्के करण्यास पत्र्यांचे क्षेत्रफळ दुप्पट लागते. प्रत्यक्षात त्याहून अधिकच, कारण बारीक कण हट्टी असतात.

राखेची रोधकता हा कळीचा मुद्दा आहे. ती फार कमी असल्यास कण पत्र्याला लागताच भार गमावून पुन्हा प्रवाहात मिसळतात. सुमारे 10¹¹ ओहम-सेंमी. च्या वर गेल्यास राखेच्या थरातच उलटे विसर्जन सुरू होते. भारतीय कोळशात राख बहुधा 30 ते 45 टक्के, तर गंधक अत्यल्प. गंधक कमी म्हणजे धुरात सल्फर ट्रायऑक्साइड कमी, आणि त्यामुळे राखेची रोधकता जास्त. चंद्रपूर, कोराडी यांसारख्या केंद्रांत हाच कोळसा जळतो. यावर अधिक मोठे संयंत्र बांधणे किंवा धुरात अमोनिया सोडणे हे रूढ उपाय होत.

वायुरूप प्रदूषकांवर या पद्धतीचा परिणाम होत नाही. त्यासाठी अतिअल्पकालीन स्पंदांचे विसर्जन किंवा इलेक्ट्रॉन शलाका वापरतात. त्यांतून निर्माण होणाऱ्या मूलकांमुळे (अतिशय क्रियाशील अणू वा रेणुखंडांमुळे) नायट्रोजन व गंधक यांच्या ऑक्साइडांचे अम्लांत रूपांतर होते व अमोनिया मिसळल्यास खतयोग्य लवणे मिळतात. इलेक्ट्रॉन शलाकेची मोठी संयंत्रे चीन व पोलंड येथे उभारण्यात आली. विजेचा खर्च मात्र अद्याप जड जातो.