चेऊलकर : पाटीवर चौल, आडनावात चेऊल

आजीचं माहेरचं आडनाव चेऊलकर. सगळा जन्म ठाण्यात गेला तिचा, टेंभी नाक्याच्या आसपास, आणि सगळा जन्म लोक तिला एकच विचारत आले, "चौलकर ना?" ती दरवेळी तेवढ्याच शांतपणे सांगायची, चौलकर नाही, चेऊलकर, च ला एकच मात्रा. मला लहानपणी वाटायचं एका मात्रेसाठी काय एवढं, गाव तर तेच ना. आता तिला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मला पटलंय की बरोबर तीच होती.

मागच्या वर्षी मामेभावाच्या मुलीला शाळेत वंशवृक्ष करून न्यायचा होता म्हणून मावशीकडची जुनी कागदांची पेटी काढली. आजीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तिचं नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव, बस्स, आडनावच नाही. लग्नाच्या केतुब्यात, म्हणजे ज्यू विवाहकरारात, अमक्याची मुलगी अमकी असं हिब्रू अक्षरांत, तिथेही आडनाव नाही, कारण केतुब्यात ते लिहायची रीतच नाही. रेशनकार्डावर कोणीतरी आपल्या मनाने चौलकर करून ठेवलेलं. म्हणजे घरात तीन कागद आणि चेऊलकर एकावरही नाही, आणि शेवटी ते सापडलं कुठे तर कबरस्तानात, पणजोबांच्या दगडावर, वर हिब्रू ओळ आणि खाली ठसठशीत मराठीत. हे आडनाव दुर्मिळ का दिसतं याचं अर्धं उत्तर मला तिथेच मिळालं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. ठाण्यातल्या लोकांना हे वेगळं सांगावं लागत नाही पण बाहेरच्यांना लागतं. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की आमच्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या सगळ्या समुद्रात गेल्या आणि लक्षात राहिली ती फक्त शेमाची, म्हणजे देव एकच आहे ही प्रार्थना. हे कधी घडलं यावर अभ्यासकांची वेगवेगळी मतं आहेत, त्यात मी पडत नाही. पण नंतर काय झालं ते नक्की दिसतं. ही माणसं कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या रायगडातल्या गावागावांत पांगली, तेलाचे घाणे चालवायला लागली, शनिवारी घाणा बंद ठेवायची म्हणून गाववाल्यांनी त्यांना शनवार तेली म्हटलं. भाषा मराठी, कपडे मराठी, मुलांची नावंसुद्धा मराठी वळणाची, शमुएलचा सामाजी, यहेज्केलचा हसाजी.

आता यात 'कर' कधी आलं? माझं म्हणणं असं की गावात राहणाऱ्याला 'कर' कशाला लागेल. चौलात राहणाऱ्याला कोण चौलकर म्हणणार, तिथे सगळेच चौलचे. गाव सुटलं की 'कर' लागतो. अठराव्या शतकाच्या मध्यापासून आमची माणसं मुंबईत यायला लागली, कंपनीच्या पलटणीत शिपाई झाली, सुतारकाम, गवंडीकाम करायला लागली, आणि मग दहा गावांचे दहा सामाजी एकाच मोहल्ल्यात गोळा झाल्यावर कोणता सामाजी हे सांगायला गाव चिकटवावंच लागलं. पेणचा पेणकर, रोह्याचा रोहेकर, दिव्याचा दिवेकर, आवासचा आवासकर, कुरुळचा कुरुळकर, अष्टमीचा अष्टमकर, वाक्रुळचा वाक्रुळकर. अशी शंभराहून जास्त आडनावं आमच्यात आहेत आणि ती नकाशावर टिपली तर बहुतेक अलिबाग, पेण, रोहा, मुरुड, श्रीवर्धन या पट्ट्यात बसतात. कोणी आडनाव सांगितलं की आमच्या म्हाताऱ्या लगेच ओळखायच्या, हा पेणच्या बाजूचा की अलिबागच्या.

मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे आमचं प्रार्थनास्थळ, १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी बांधलं, तेच सामाजी हसाजी दिवेकर, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. आमचे लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, जुनी मशीद, नवी मशीद, मशीद बंदर हे स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं सांगतात. दिवेकर हे आडनाव आज ऐकलं तर कोणाच्या डोक्यात ज्यू येणार नाही कारण ते हिंदूंमध्येही भरपूर आहे. पेणकर, रोहेकर यांचंही तेच. गाव सगळ्यांचं होतं त्यामुळे आडनावही सगळ्यांचं झालं, जातधर्म न बघता. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

चेऊलकर मात्र थोडं वेगळं पडलं, आणि ते का पडलं हे बघायला चौलकडे जावं लागतं.

चौल आज म्हणजे अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागणारी नारळीपोफळीची वाडी, पण एके काळी पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी वर्णनात त्याचं नाव सेमिल्ला असं येतं. कान्हेरीच्या लेण्यांमधल्या ब्राह्मी लेखांत दान देणारे चेमुलचे लोक आहेत, म्हणजे आपल्या येऊरच्या डोंगरापलीकडेच हे नाव दगडावर कोरलेलं आहे. अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणायचे, मसूदी दहाव्या शतकात तिथे येऊन गेला. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे शिलाहार राजा अनंतदेवाचा खारेपाटणला सापडलेला ताम्रपट, शके १०१६ चा, म्हणजे इसवी सन १०९४-९५ च्या सुमाराचा. त्यात काही व्यापाऱ्यांना बंदरांवरची जकात माफ केलीय आणि बंदरांची नावं दिलीत, त्यात स्थानक म्हणजे ठाणे, शूर्पारक म्हणजे सोपारा आणि चेमुल्य म्हणजे चौल. ठाणे आणि चौल एकाच पत्र्यावर, आजीच्या सासरमाहेरच्या नऊशे वर्षं आधी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तेच पान उघडं ठेवून बसले होते.

तर मूळ चेमुल. मराठीत जुन्या शब्दातला मधला म घासून व होतो हे आपल्या सगळ्यांना माहितीये, फक्त लक्षात येत नाही. ग्रामचं गाव झालं, नामचं नाव झालं, श्यामलचं सावळा झालं. तसंच चेमुलचं चेवुल आणि त्याचं चेऊल. मराठी कागदपत्रांत बरीच वर्षं चेऊलच लिहिलं जायचं. पुढे चेऊलचं चौल झालं, पोर्तुगीज १५२१ मध्ये तिथे किल्ला बांधून बसले आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला, पोर्तुगीजांच्या लिखाणात पण चौलच आहे, मग इंग्रजांच्या नकाशात, मग एसटीच्या पाटीवर. गाव बदललं पण ज्यांनी गाव सोडलं त्यांच्याकडे सुटण्याच्या वेळचा उच्चार राहिला. सासरी गेलेल्या बाईच्या तोंडी माहेरची जुनी बोली राहते ना, तसं. म्हणून चौलकर आणि चेऊलकर ही एकाच गावाची दोन आडनावं आहेत, चौलकर हिंदू घरांमध्ये सापडतं आणि चेऊलकर म्हटलं की बहुतेक वेळा आमचंच घर निघतं. आजीचा हट्ट होता तो याच मात्रेसाठी.

ठाण्याला आमचे लोक आले ते मुख्यतः नोकरीमुळे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी सुरू झाली, ठाणे जिल्ह्याचं ठिकाण, कचेऱ्या, कोर्ट, पुढे रेल्वे, पोस्ट, दवाखाने. १८७९ मध्ये सिव्हिल हॉस्पिटलजवळ आमचं सिनेगॉग उभं राहिलं, शआर हाशामाईम, म्हणजे स्वर्गाचं दार. आजसुद्धा भारतात बेने इस्राएल घरं सगळ्यात जास्त कुठे असतील तर ठाण्यात, मुंबईपेक्षाही इथे जाग जास्त आहे, सणाला बसायला जागा मिळत नाही. नव्याचा सण, दारफाळणीचा सण ही आमची नावं पण मराठीच आहेत बघा, रोश हशाना आणि किप्पूर म्हणायला आम्ही नंतर शिकलो. मलिद्याला, म्हणजे आमच्या नवसाच्या प्रसादाला, पोहे, खोबरं, साखर आणि पाच फळं, हे तर ठाण्यातल्या आमच्या शेजाऱ्यांनाही पाठ आहे.

आणि ठाण्यातलाच एक चेऊलकर सगळ्या देशाला माहिती आहे, फक्त चेऊलकर म्हणून नाही. सिनेमातले डेव्हिड, टक्कल आणि ते गोड हसू, ज्यांना लोक जॉनचाचा म्हणून ओळखतात, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. जन्म ठाण्याचा, १९०९ चा. १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. पण पडद्यावर कायम नुसतं डेव्हिड, फार तर डेव्हिड अब्राहम. आमच्याकडे हे फार झालं. इंग्रजी शाळेत नाव घालताना स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि तेच आडनाव म्हणून पुढे चालू. म्हणून सॅमसन, सॉलोमन, मोझेस, बेंजामिन, इझिकिएल अशी आडनावं दिसतात आणि त्यांच्यामागे कोणीतरी पेणकर, तळकर, चेऊलकर असतो. महालक्ष्मीच्या डॉ. ई. मोझेस रोडवरून किती माणसं रोज जातात, ते मोझेस १९३७-३८ ला मुंबईचे महापौर होते आणि आमच्यातलेच होते, पण नावावरून कोणाला कोकणातलं गाव आठवेल का?

किती चेऊलकर आहेत हा प्रश्न वंशवृक्ष करणाऱ्या पोरीने मला विचारलाच. जनगणना आडनावं मोजून छापत नाही त्यामुळे सरळ आकडा कुठेच मिळत नाही. नेटवर आडनावांच्या साइट असतात त्या इंग्रजी स्पेलिंगवर चालतात, आणि आमचं स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी होतं, कोणी ई यू, कोणी ई डब्ल्यू यू, कोणी सरळ ए यू, म्हणजे तिथे एकाच घराचे चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा मूठभर दिसतो. वर वडिलांचं नाव लावणारे त्यात येतच नाहीत. आणि लग्न होऊन गेलेल्या मुली, म्हणजे माझी आजी, त्या तर कुठल्याच मोजणीत नाहीत.

समाजाचा आकडा मात्र सांगता येतो आणि त्यावरून अंदाज येतो. स्वातंत्र्याच्या सुमाराला बेने इस्राएल वीस हजारांच्या आसपास होते. इस्राएल झाल्यावर पन्नास आणि साठच्या दशकात घरंच्या घरं गेली. आणि २०११ च्या जनगणनेत अख्ख्या महाराष्ट्रात ज्यू म्हणून अडीच हजारांच्या आसपास माणसं नोंदली गेली. शंभरावर आडनावं आणि अडीच हजार माणसं, आता तुम्हीच भागाकार करा, एका आडनावाच्या वाट्याला किती येतात. त्यातली काही आडनावं मोठी आहेत, काही एका-दोन घरांवर आलीत. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तोपर्यंत कितीतरी फॉर्मवर आम्ही 'इतर' मध्येच होतो.

जे गेले त्यांच्या आडनावाचं काय झालं हा आणखी वेगळा विषय. हिब्रूत आपला 'च' नाही, त्स च्या अक्षराला वर बारीक खूण देऊन च करावा लागतो, ती खूण कारकुनाने गाळली की चेऊलकरचा त्सेऊलकर. अनेकांनी वैतागून हिब्रू आडनाव घेतलं. आणि सुरुवातीची वर्षं सोपी नव्हती, साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने लग्नाआधी बेने इस्राएलांच्या आईकडची वंशावळ तपासायचा फतवा काढला, आमच्या लोकांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि १९६४ मध्ये तो मागे घ्यावा लागला. आजीची धाकटी बहीण तेव्हा इस्राएलमधल्या अश्दोदला होती. ती पत्रात आजीला विचारायची, आपल्या आईचं माहेर कोणतं, तिच्या आईचं कोणतं, कळव. म्हणजे बायकांची माहेरची आडनावं, जी कुठल्या कागदावर कोणी कधी लिहिली नव्हती, तीच अचानक लागायला लागली. आजीने आठवून आठवून चार पिढ्यांची लिहून पाठवली, ते पत्र कोणाकडे असेल तर मला खरंच हवंय.

या डिसेंबरात आम्ही सगळे चौलला जाऊन आलो, पोरीला गाव दाखवायचं होतं. रेवदंड्याला आमचं सिनेगॉग आहे ते बाहेरून बघितलं, अलिबागची इस्राएल आळी बघितली. चौलच्या नाक्यावर एका टपरीवर चहा घेतला, तिथे सत्तरीच्या पुढचे एक आजोबा बसले होते, त्यांनी विचारलं कुठून आलात, मी म्हटलं ठाण्याहून, पण माझ्या आजीचं माहेर चेऊलकर. मला वाटलं आता हेही दुरुस्त करणार. ते म्हणाले, "मंग चेवलासच आलाव म्हना."