एच.२६४ आणि प्रोरेस: दोघं अडकतात, पण एकाच जागी नाही

"फाइल तर २ जीबीची आहे, मग टाइमलाइनवर अडकते कशी काय?" हे व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांकडून मी इतक्यांदा वाचलंय की आता मोजणं सोडलं. आणि खाली ठरलेलं उत्तर असतंच, एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क घे. मी पण एकदा असंच ऐकून घेतली होती, प्रोजेक्ट हलवला, प्ले दाबलं, तिथंच अडकलं.

एच.२६४ आणि प्रोरेस हे दोन्ही कोडेक, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती. एच.२६४ तुम्हाला माहितीच आहे, मोबाइल, ड्रोन, कॅमेरे सगळीकडे तोच, सोडून देऊ. प्रोरेस अ‍ॅपलने २००७ मध्ये आणला तो एडिटिंगसाठीच. आणि एमपी४, एमओव्ही हे व्हिडिओ ठेवायचे नुसते डबे, एमओव्हीत एच.२६४ पण असतो, तेव्हा एक्स्टेन्शन बघून फाइल जड की हलकी ते ठरवू नका.

आता खरी गोम. प्लेबॅक दोन ठिकाणी अडकू शकतो. एक म्हणजे डिस्कवरून सेकंदाला किती डेटा येतोय, आणि दुसरं म्हणजे आलेला डेटा उलगडून त्याची फ्रेम बनवायला प्रोसेसरला किती घाम गाळावा लागतोय. फाइलचा साइज फक्त पहिल्याबद्दल सांगतो, दुसऱ्याबद्दल अवाक्षर नाही.

कॅमेऱ्याचा १०० एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटचा ४के एच.२६४ घ्या, आठ बिटचा एक बाइट धरून सेकंदाला साडेबारा एमबी, जुनाट हार्ड डिस्कलाही हे काहीच नाही. पण यात पूर्ण फ्रेम अधूनमधूनच असते, मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं तेवढंच लिहिलेलं, तेही आधीच्या आणि कधी कधी पुढच्या फ्रेमच्या भरवशावर. तुम्ही प्लेहेड (टाइमलाइनवरची चालती रेघ) मध्येच कुठं ठेवला की सॉफ्टवेअर मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाणार, तिथून साखळी उलगडत पुढं येणार आणि मग तुम्हाला ती एक फ्रेम दिसणार. सरळ प्ले केलं तर हे खपून जातं, पण कीबोर्डवरचं 'J' बटण दाबून उलटं चालवून बघा, लगेच पितळ उघडं पडतं. दर दोन सेकंदांला कट असेल तर प्रत्येक कटला हीच कसरत.

प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र. उलटं चालवा, कुठंही उडी मारा, त्याला फरक पडत नाही. त्याची किंमत डिस्क मोजते, ४२२ एचक्यू या त्याच्या भारी प्रकारात यूएचडी (४के) ३० फ्रेमला साधारण ८८४ एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला ११० एमबी. बऱ्या हार्ड डिस्कवर एक स्ट्रीम निघते, मल्टिकॅमला (एकाच वेळी अनेक कॅमेऱ्यांचे शॉट) तीन लावल्या की हेड इकडून तिकडं धावत बसतं आणि खेळ खलास. गिगाबिट नेटवर्कवर तर एकच स्ट्रीम सगळी वाट अडवते. इथं एसएसडी घ्या, खुशाल घ्या.

कुठं अडकलंय ते बघायला अक्कल लागत नाही हो, प्ले करून टास्क मॅनेजर उघडा. सीपीयू १००ला टेकलाय आणि डिस्क निवांत, तर कोडेक. उलटं असेल तर डिस्क.

अजून एक डोकेदुखी म्हणजे "माझ्याकडे आरटीएक्स आहे" वाले, म्हणजे एनव्हिडियाचं महागडं ग्राफिक्स कार्ड घेतलेले. कॅमेऱ्यात १० बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारी सेटिंग) लावलंत तर ५० सीरिजच्या आधीची आरटीएक्स कार्डं ते हार्डवेअरमध्ये डिकोडच करत नाहीत, सगळं सीपीयूच्या गळ्यात. एच.२६५चं (एच.२६४चा पुढचा अवतार) ४:२:२ असेल तर इंटेलच्या ११व्या पिढीपासूनचं आतलं साधं ग्राफिक्स ते आरामात करतं, महागडं कार्ड बघत बसतं.

माझं विचाराल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल करा, पण एच.२६४ची नको, रिझोल्यूशन कमी झालं तरी साखळीची भानगड तशीच राहते. प्रोरेस प्रॉक्सी १०८०पी ३० फ्रेमला ४५ एमबीपीएसच्या आसपास बसते, नऊ अँगल एकदम लावले तरी सेकंदाला ५० एमबी. एक्स्पोर्टच्या वेळी मूळ फाइल जोडलेल्या आहेत ना तेवढं बघा.