पणतीवर बसतो तो रंग भोपळ्यावर का बसत नाही?

आम्ही न्यू जर्सीत राहतो. ऑक्टोबरच्या शेवटी जेवणाच्या टेबलावर एकीकडे दिवाळीसाठी रंगवायच्या मातीच्या पणत्या असतात आणि दुसरीकडे मुलीच्या हॅलोविन स्पर्धेसाठी आणलेला, तळहातावर मावेल एवढा भोपळा. ॲक्रिलिक रंगाच्या बाटल्या त्याच, ब्रशही तेच. या वेळी पणत्या झकास झाल्या. भोपळ्यावर मात्र पांढरा रंग ठिपक्या-ठिपक्यांनी गोळा झाला. वाळल्यावर मुलीने नखाने एक कोपरा उचलला, तर अख्खा पापुद्राच हातात आला. लहानपणी आम्ही तळहातावर फेव्हिकॉल वाळवून सोलायचो ना, अगदी तसा.

भाजलेली माती पाणी पिते. ॲक्रिलिक रंग म्हणजे पाण्यात तरंगणारे प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण आणि रंगद्रव्य. पाणी उडून गेलं की हे कण एकमेकांना चिकटतात आणि त्यांची सलग पातळ फिल्म होते. पणतीवर ही फिल्म मातीच्या छिद्रांत रुतून बसते. भोपळ्याच्या सालीवर रुतायला जागाच नाही. तिच्यावर क्युटिकल नावाचा मेणचट थर असतो. अळूच्या पानावरून पाणी का घरंगळतं, त्याचं निम्मं उत्तर अशाच मेणात आहे. फळातलं पाणी उडू नये आणि बाहेरची बुरशी आत शिरू नये, म्हणून झाडाने केलेली ही सोय. आपल्या रंगाशी तिला काही देणंघेणं नाही.

उपाय सोपा आहे. भोपळा साबणाच्या पाण्याने पुसायचा, पूर्ण कोरडा करायचा, रबिंग अल्कोहोलचा बोळा फिरवायचा आणि रंगाचा पहिला हात अगदी पातळ द्यायचा. तो नीट वाळेपर्यंत दुसरा द्यायचा नाही. घाई केली की पुन्हा फेव्हिकॉल.

पण मुळात रंगवायचाच कशाला, सरळ कोरावा की! गेल्या वर्षी आम्ही तेच केलं होतं. हॅलोविन 31 ऑक्टोबरला, आणि आम्ही उत्साहाने आठवडाभर आधीच डोळे, नाक, दात कोरून मोकळे. पाचव्या दिवशी डोळ्यांच्या कडा आत वळल्या, दातांवर करडी लव आली आणि तोंडाचं पार बोळकं झालं. स्पर्धेत काय मिळालं हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

कोरलेला भोपळा असा का बसतो? त्याच्या गरात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. साल कापली की ते उडायला लागतं, आणि लहान भोपळ्याचे हाल मोठ्यापेक्षा जास्त. 24 सेंटिमीटर व्यासाच्या गोलापेक्षा 8 सेंटिमीटरच्या गोलाला आकारमानाच्या मानाने तिप्पट पृष्ठभाग असतो. शिवाय गराची भिंत पातळ. त्यात बुरशी आणि जिवाणू पेशींना सांधणारं पेक्टिन विरघळवतात, म्हणजे विटांमधला चुनाच काढून घेतात. आत मेणबत्ती लावली तर गर वर शिजतो तो वेगळाच. आयर्लंडमध्ये असे चेहरे पूर्वी टर्निपवर, म्हणजे सलगमवर कोरत. तिकडचे लोक एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आले आणि त्यांना मोठा, आतून पोकळ भोपळा आयता मिळाला. कोरणं त्या मोठ्या भोपळ्याला शोभतं. जॅक-बी-लिटलसारख्या चिमुकल्या जातींच्या वाटेला सुरी घेऊन जाऊ नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

कारण वेलीवरून तोडला तरी भोपळा मेलेला नसतो. त्याचा श्वासोच्छ्वास चालू असतो, आणि बारीकसारीक ओरखडे तो स्वतः बुजवतो. शेतकरी काढणीनंतर भोपळे साधारण दहा दिवस 27 ते 29 अंश सेल्सिअसच्या उबेत ठेवतात. तेवढ्यात साल टणक होते, खरचटलेल्या जागी खपली धरते. पुढे 10 ते 13 अंशांवर ते दोन-तीन महिने आरामात टिकतात. घेताना सालीवर नख दाबून बघावं. उमटलं तर फळ कोवळं. आणि देठाला धरून कधीही उचलू नये. देठ निखळला की त्या खळगीतून कुज थेट आत जाते.

ही खपली धरण्याची खोडच सजावटीला वापरता येते, हे मला इथल्या एका शेतावर कळलं. तिथे वेलीवरच्या भोपळ्यांवर शाळकरी मुलांची नावं होती, भाकरीच्या पापुद्र्याच्या रंगाची आणि सालीवर चक्क उठून आलेली. बोट फिरवलं तर बाटलीच्या बुचासारखं खरखरीत लागलं. ते खरोखर बूचच आहे. साल हिरवी, कोवळी असताना खिळ्याने वरवर अक्षरं ओरखडली की जखमेखालच्या पेशी विभागायला लागतात आणि बुचाच्या पेशींचा थर तयार करतात. त्यांच्या भिंतींत सुबेरिन नावाचं मेणचट द्रव्य असतं. बटाट्याच्या सालीतही हेच असतं, आणि बेण्याच्या कापलेल्या बटाट्याचा काप दोन-चार दिवसांत सुकून घट्ट होतो तोही यामुळेच. भोपळा नारिंगी होतो, अक्षरं मात्र तपकिरीच राहतात. इथे रंग सोलून निघायचा प्रश्नच नाही, कारण रंग नाहीच.

पुढच्या जूनमध्ये बी लावायचं ठरलं आहे. अक्षरं फळाबरोबर रुंदावत जातात, म्हणून सुरुवातीला ती बारीक काढावी लागतील. मुलीचा वहीच्या शेवटच्या पानावर सराव चालू झाला आहे.