डीबीएस आणि बीसीआय: मेंदूतल्या इलेक्ट्रोडची दोन वेगळी कामं

‘मेंदूत चिप बसवली’ अशा बातम्यांत हमखास दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे डीबीएस. दुसरी ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेस, म्हणजे बीसीआय. दोन्हींत बहुधा कवटीला छिद्र पाडून इलेक्ट्रोड बसवतात, म्हणून गोंधळ साहजिक आहे. पण डीबीएसचा इलेक्ट्रोड मेंदूला वीज देतो, तर बीसीआयचा मेंदूतली वीज टिपतो. इतका एक फरक ध्यानात घेतला, तर कोणाला कशाचा उपयोग आहे हे आपोआप कळतं.

डीबीएस आता रुळलेला उपचार आहे. पूर्वी हातांचा कंप थांबवण्यासाठी मेंदूत खोलवर असलेल्या थॅलॅमसचा एक बारीकसा भाग जाळत असत, आणि जागा बरोबर आहे ना हे आधी तिथे वीज देऊन तपासत. फ्रान्समधल्या ग्रेनोबलचे न्यूरोसर्जन अलीम-लुई बेनाबिद यांना १९८७ मध्ये दिसलं की वेगवान स्पंदनं देताच कंप थांबतो. मग जाळायचं कशाला? शस्त्रक्रियेत रुग्ण अनेकदा जागा असतो. डॉक्टर त्याला कागदावर गोल गोल रेघ काढायला सांगतात; आधी दातेरी निघणारी रेघ करंट सुरू होताच गुळगुळीत होते.

कंपवातात, म्हणजे पार्किन्सन्समध्ये, इलेक्ट्रोड बहुधा सबथॅलॅमिक न्यूक्लियस या थॅलॅमसखालच्या छोट्या भागात बसवतात. बॅटरी छातीत, गळपट्टीच्या हाडाखाली असते आणि सेकंदाला साधारण १३० स्पंदनं पाठवते. कंप आणि ताठरपणा कमी होतो, गोळ्याही बऱ्याचदा कमी करता येतात. मूळ आजार मात्र थांबत नाही. कंप सोडला, तर लेव्होडोपाने (पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाने) जी लक्षणं सुधारत नाहीत, ती डीबीएसनेही सहसा सुधारत नाहीत. तोल जाणं, विसराळूपणा यांसाठी त्यावर आशा लावू नये. हे शस्त्रक्रियेआधीच घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

बीसीआयची गरज वेगळ्याच माणसांना आहे. मज्जारज्जू तुटलेला असतो किंवा एएलएस या स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी झिजवणाऱ्या आजारामुळे स्नायूंपर्यंत आज्ञा पोहोचत नाही, पण आज्ञा देणारा मेंदूचा भाग शाबूत असतो. माणूस बोलण्याचा प्रयत्न करतो तेव्हा जीभ-ओठ हलवणाऱ्या मेंदूतल्या चेतापेशी विजेच्या ठिणग्या टाकतच असतात. जेमतेम चार मिलिमीटरच्या पट्टीवरच्या सुया त्या टिपतात, संगणक त्यांतून एकेक उच्चार ओळखतो आणि भाषेचं मॉडेल उच्चारांचे शब्द जुळवतं. स्टॅनफर्डच्या २०२३ च्या प्रयोगात मिनिटाला ६२ शब्द निघाले, पण सव्वा लाखाच्या शब्दसंग्रहात साधारण चारातला एक चुकत होता. पुढच्याच वर्षी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, डेव्हिस इथे एएलएसच्या एका रुग्णात २५६ इलेक्ट्रोड वापरून तितक्याच शब्दसंग्रहात अचूकता ९७ टक्क्यांवर गेली. वेग कमी, मिनिटाला सुमारे ३२ शब्द. पण आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून त्याच्याच आवाजासारखा आवाज तयार केला होता. वाचा गेलेल्या माणसाने स्वतःच्या आवाजात घरच्यांशी बोलावं, यापेक्षा मोठं काम या क्षेत्रात मला दुसरं दिसत नाही.

यालाच लोक ‘मन वाचणं’ म्हणतात. या प्रयोगांत वाचला जात होता तो तोंड हलवण्याचा प्रयत्न. मात्र २०२५ मध्ये मनातल्या मनात म्हटलेले शब्दही काही प्रमाणात ओळखता आले. म्हणून संशोधकांनी एक परवलीचा शब्द ठेवला: तो मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकायला सुरुवातच करत नाही. ही काळजी आधीच घेतली, हे फार बरं झालं.

दोन्हींच्या अडचणीही निराळ्या. डीबीएसमध्ये बॅटरी संपते, संसर्गाची भीती असते. बीसीआयमध्ये इलेक्ट्रोडभोवती व्रणाच्या ऊती वाढून संकेत क्षीण होऊ शकतात, किंवा तो जागचा सरकतो. न्यूरालिंक या बीसीआय बनवणाऱ्या कंपनीच्या पहिल्या रुग्णात २०२४ मध्ये इलेक्ट्रोडचे काही धागे मेंदूतून मागे सरकले आणि संगणकाच्या प्रणालीत बदल करून काम भागवावं लागलं.

आता सीमारेषा थोडी पुसट होते आहे. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं व उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२५ मध्ये पार्किन्सन्ससाठी अशा डीबीएसला मान्यता दिली, जो मेंदूतल्या बीटा लहरी (विजेच्या एका ठरावीक लयीच्या लहरी) मोजून करंट स्वतःच कमी-जास्त करतो. म्हणजे तोही टिपतो, पण फक्त आपला डोस ठरवण्यापुरता. तरी रुग्णासाठी मोठा फरक कायम आहे: डीबीएससाठी न्यूरॉलॉजिस्टकडे विचारणा करता येते, बोलण्यासाठीचा हा बीसीआय मात्र अजून चाचण्यांतच मिळतो.