डीएनए कुठे तोडायचा, हे ठरवणाऱ्या खुणा

अंडपेशी किंवा शुक्राणू घडवणाऱ्या मियोसिस या पेशीविभाजनात डीएनए मुद्दाम तोडला जातो. एरवी पेशीवर ही आपत्तीच. पण आईवडिलांकडून आलेल्या गुणसूत्रांची जोडी जुळायला आणि त्यांच्यात तुकड्यांची अदलाबदल व्हायला हे छेद लागतात. उंदराच्या एका पेशीत स्पो-११ हे प्रथिन साधारण २०० ते ३०० छेद घेतं. त्यांतल्या जेमतेम एक दशांश ठिकाणी मोठी अदलाबदल होते, बाकीचे नुसतेच सांधले जातात.

छेदांची जागा मात्र स्पो-११ ठरवत नाही. उंदरात आणि माणसात ते काम पीआरडीएम-९ या प्रथिनाचं, हे २०१० मध्ये स्पष्ट झालं. जस्ताच्या अणूंनी आकार धरलेल्या बोटांसारख्या भागांनी ते डीएनएवरचा ठरावीक क्रम ओळखतं आणि शेजारच्या एच-३ हिस्टोनच्या (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांपैकी एक) चौथ्या व छत्तिसाव्या स्थानांवरच्या लायसिन या अमिनो आम्लावर तीन-तीन मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक गट, खुणेसारखे बसवतं. छेद पडतात ते या खुणांच्या आसपास. पीआरडीएम-९ काढून टाकलेल्या उंदरांतही छेद पडतात, पण भलतीकडे: जनुकांच्या सुरुवातीला. कारण चौथ्या स्थानावरच्या लायसिनची खूण तिथे आधीपासूनच असते. मग बरेच छेद सांधलेच जात नाहीत, जोड्या नीट जुळत नाहीत आणि उंदीर सहसा वंध्य होतात. गंमत म्हणजे कुत्र्यांमध्ये हे जनुक कधीच निकामी झालंय, तरी त्यांचं काही अडत नाही!

तोडण्याची वेळही खुणाच सांभाळतात. उंदराच्या मादी गर्भात साडेतेराव्या दिवसाच्या सुमारास मियोसिस सुरू होतं. तोवर जननपेशींच्या डीएनएवरचे बहुतेक मिथाइल गट (इथे ते जनुकं बंद ठेवणाऱ्या खुणा असतात) पुसले गेलेले असतात, आणि मियोसिस सुरू करणारी स्ट्रा-८ सारखी जनुकं उघडण्याच्या बेतात असतात. त्यांना योग्य वेळेपर्यंत हिस्टोनवर खुणा करणारी पॉलिकोम्ब प्रथिनं दाबून धरतात. ती काढली, तर पेशी अवेळी मियोसिसमध्ये शिरतात आणि त्यांची संख्या घटते.

नरात आणखी एक अडचण आहे. एक्स आणि वाय ही लिंग-गुणसूत्रं बहुतांशी जुळतच नाहीत. न जुळलेल्या भागात एच-२ए-एक्स हिस्टोनवर फॉस्फेट चढतं आणि दोन्ही गुणसूत्रं जवळजवळ मुकी होतात, म्हणजे त्यांच्यावरची जनुकं बंद पडतात. ती मुकी झाली नाहीत, तर वायवरची झेडएफवाय जनुकं चालू राहतात आणि पेशी मरते. पण एक्सवरचं, ग्लुकोज वापरायला लागणारं पीजीके-१ हे जनुक देखील या बंदीत बंद होतं. त्याचं काम दुसऱ्या एका गुणसूत्रावरची पीजीके-२ ही प्रत उचलते.