मेटॅनिल यलो

मेटॅनिल यलो हा ॲझो गटातला, म्हणजे रेणूत दोन नायट्रोजन अणूंचा जोडबंध असलेला, कृत्रिम पिवळा रंग आहे. मेटॅनिलिक आम्ल आणि डायफेनिलॲमिन यांपासून तो तयार करतात. लोकर, रेशीम, नायलॉन, कातडे आणि कागद रंगवणे हे त्याचे मूळ काम. खाद्यपदार्थांत तो वापरायला भारतात बंदी आहे. येथे टारट्राझिन आणि सनसेट यलो हे दोनच कृत्रिम पिवळे रंग चालतात, तेही ठरावीक पदार्थांत आणि ठरलेल्या मर्यादेत. तरीही हळदपूड, तूरडाळ, बेसन, जिलेबी, लाडू यांच्या तपासण्यांत मेटॅनिल यलो वर्षानुवर्षे सापडत आला आहे.

तो स्वस्त आहे, पाण्यात चटकन विरघळतो आणि चिमूटभरही पुरतो. हळदीला पिवळेपणा देणारे कुरक्युमिन मात्र पाण्यात जवळपास विरघळत नाही, उन्हात फिके पडते आणि चांगल्या हळदीतही थोडे टक्केच असते. हळद रंगावर पारखली जाते. त्यामुळे हळकुंडे शिजवून, वाळवून ड्रममध्ये पॉलिश करताना वरून पिवळेपणा चढवण्याचा मोह होतो. दळलेल्या पुडीचे प्रकरण अधिक गंभीर आहे. पुडीत पिठूळ माल मिसळला की रंग उतरतो आणि तो भरून काढायला मेटॅनिल यलोची भुकटी कामी येते. एका भेसळीवर दुसरी पांघरूण घालते, आणि गिऱ्हाईक दोन्हींचे पैसे मोजते.

आतड्यातले जिवाणू या रंगातला ॲझो बंध तोडतात आणि त्यातून ॲमिन गटाची रसायने सुटतात. लखनौच्या भारतीय विषविज्ञान संशोधन संस्थेने या रंगावर दीर्घकाळ काम केले आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत मेंदू, यकृत आणि वृषणांवर दुष्परिणाम दिसले. रंगीत मिठाईकडे आधी हात जातो तो लहान मुलांचा, म्हणून ही बाब किरकोळ समजू नये.

सुमारे १.२ ते २.३ सामू (pH, आम्लता मोजण्याचे माप) या टप्प्यात हा रंग लाल ते पिवळा असा बदलतो. त्यामुळे प्रयोगशाळेत तो आम्लतादर्शक म्हणून वापरतात आणि याच गुणामुळे भेसळीत पकडलाही जातो. नमुना पाण्यात कालवून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की किरमिजी छटा येते. शुद्ध हळदही क्षणभर गुलाबी होते, पण पाणी वाढवताच ती छटा जाते. मेटॅनिल यलोची टिकते. आम्ल दाहक असल्याने ही चाचणी घरी करू नये. हळदीत घातले जाणारे लेड क्रोमेट हे शिसेयुक्त पिवळे रंगद्रव्य या चाचणीने ओळखता येत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी लागते.