जमातीचा दाखला वेगळा, व्हॅलिडिटी वेगळी

प्रांताच्या सहीचा अनुसूचित जमातीचा दाखला हातात आला की घर निर्धास्त होतं. ही निर्धास्ती फार तर बारावीपर्यंत टिकते. दाखल्यात दावा नोंदला जातो. तो खरा की नाही हे तपासणी समिती ठरवते. तिने दिलेलं वैधता प्रमाणपत्र म्हणजे व्हॅलिडिटी. महाराष्ट्राच्या 2000 च्या अधिनियमानुसार तिच्याविना दाखला पक्का होत नाही आणि पुराव्याचा भार अर्जदारावरच असतो.

कागद दोन्हीकडे बहुतेक तेच: वंशावळ, प्रतिज्ञापत्र, शाळेचे उतारे, 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. फरक आहे तो तपासण्यात. समितीला कागदांवर समाधान झालं नाही तर दक्षता पथक शाळेत जाऊन मूळ दाखल-खारीज रजिस्टरच उघडतं. ‘कोळी’च्या आधी वेगळ्या शाईत ‘महादेव’ घुसवलेलं तिथेच सापडतं. पणजोबांपुढे नुसतं ‘हिंदू कोळी’ आणि नातवंडांपुढे ‘महादेव कोळी’ असेल, तर जुन्या नोंदीचं पारडं जड.

नावातला सारखेपणा सगळ्यात जास्त घात करतो. राज्याच्या यादीत कोळी महादेव, टोकरे कोळी, मल्हार कोळी आहेत, नुसता कोळी नाही. हलबा आहे, हलबा-कोष्टी नाही. यादी जशी आहे तशीच वाचायची, पोटजात म्हणून तिच्यात काही घालायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये मिलिंद प्रकरणात स्पष्ट केलं. ‘ठाकूर’चा गुंता आणखी वेगळा, कारण ते जमातीचंही नाव आहे आणि बिगर-आदिवासींचं आडनावही. अशा वेळी आप्तभाव चाचणी होते: कुलदैवत, लग्नविधी, बोली विचारतात. शहरात वाढलेला खरा आदिवासी मुलगाही इथे अडखळतो. म्हणूनच ही चाचणी निर्णायक नाही, असं त्याच न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची व्हॅलिडिटी असेल तर मोठा आधार मिळतो. पण ती माहिती दडवून मिळवलेली निघाली, तर आधारही गेला.

प्रांताने दाखला नाकारला तर 30 दिवसांत अपील करता येतं. समितीने दावा फेटाळला तर अपील नाही, थेट उच्च न्यायालयात रिट. दाखला जप्त होतो, आरक्षणातला प्रवेश किंवा नोकरी जाते, आणि दावा खोटा ठरला तर 6 महिने ते 2 वर्षं कैदेची तरतूद आहे. ‘इतकी वर्षं नोकरी केली’ या सबबीवर संरक्षण नाही, हे 2017 पासून ठरलेलं आहे.